मुंबई-कराची : अंतर ८७५ किलोमीटर, प्रवास दिवसभराचा

मुंबईहून विमानाने बंगळुरूला जाण्यास जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढ्याच वेळात कराची गाठता यायला हवी, असे नकाशा सांगतो. मुंबई आणि कराची येथील आंतरराष्ट्रीय विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर आहे. मुंबई-बंगळुरू हे अंतर सुमारे ८३५ किलोमीटर, तर मुंबई-दिल्ली हे अंतर सुमारे १,१४० किलोमीटर भरते. म्हणजेच देशाच्या राजधानीपेक्षा कराची मुंबईला अडीचशेहून अधिक किलोमीटर जवळ आहे. तरीही मुंबईकराला कराचीला जायचे झाल्यास आधी दुबई किंवा आखातातील एखादे दुसरे शहर गाठावे लागते. दुबईमार्गे हा प्रवास सुमारे ३,१२० किलोमीटरचा होतो आणि त्यात दिवस मोडतो.

या दोन शहरांमधील नियमित थेट विमानसेवा २०१७ मध्ये थांबली. त्यानंतर दोन्ही देशांचे संबंध बिघडत गेले आणि २०२५ मध्ये तर एकमेकांच्या विमानांना हवाई हद्दच बंद झाली. दोन शहरांमधील विमानप्रवासाचा वेळ कशावर ठरतो, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मुंबई-कराचीइतके बोलके उदाहरण आशियात क्वचितच सापडेल. अंतर, विमानाचा वेग, वाऱ्याची दिशा या गोष्टी त्या हिशेबात येतातच. पण त्या सर्वांच्या आधी प्रश्न येतो तो परवानगीचा.

सरळ रेषा आणि प्रत्यक्ष मार्ग

दोन विमानतळांमधील अंतर म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या रेषेचा असतो. गोलावर दोरा ताणून धरावा तशी ही रेषा असते. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या लांब पल्ल्यावर ही रेषा सपाट नकाशावर चांगलीच वाकलेली दिसते. मुंबई-कराचीसारख्या कमी अंतरावर हा फरक जवळजवळ जाणवत नाही. मुंबईहून वायव्येकडे निघालेली ही रेषा खंबातच्या आखाताच्या तोंडाशी समुद्र ओलांडून सौराष्ट्रावर येते, जामनगरच्या आसपास मध्य गाठते, पुढे कच्छचे आखात व कच्छचा पश्चिम भाग पार करून सिंधूच्या त्रिभुज प्रदेशावरून कराचीत उतरते.

विमाने मात्र या रेषेवरून तंतोतंत उडत नाहीत. आकाशातही आखून दिलेले मार्ग असतात. विशिष्ट बिंदूंवरून जाणाऱ्या या मार्गांनी विमानांना जावे लागते. हवाई दलाच्या सरावासाठी राखून ठेवलेले आकाश टाळावे लागते. उड्डाणानंतर धावपट्टीच्या दिशेपासून वळण घ्यावे लागते आणि उतरताना पुन्हा धावपट्टीच्या रेषेत यावे लागते. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेले अंतर कागदावरील अंतरापेक्षा काही टक्क्यांनी अधिक भरते. शिवाय प्रत्येक देशाचे आकाश हवाई वाहतूक नियंत्रणासाठी विभागलेले असते. भारताचे मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई असे चार मुख्य विभाग आहेत, तर पाकिस्तानचे कराची आणि लाहोर असे दोन. मुंबईहून कराचीला जाणाऱ्या विमानाला मुंबईच्या नियंत्रण कक्षाने सरहद्दीजवळ थेट कराचीच्या कक्षाकडे सोपवायचे असते. तांत्रिकदृष्ट्या हे काम अवघे दोन-तीन मिनिटांचे आहे.

तासांचा हिशेब

जेट विमान उंचावर पोहोचल्यावर ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जाते. या वेगाने ८७५ किलोमीटर अंतर तासाभरात कापले जावे, असे कोणालाही वाटेल. विमान कंपनीच्या वेळापत्रकात मात्र अशा पल्ल्यासाठी साधारण पावणेदोन तास धरलेले असतात. याचे कारण असे, की वेळापत्रकातील वेळ ही विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून पोहोचलेल्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतची असते. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि रांगेत थांबण्यातच पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. चढताना आणि उतरताना विमानाचा वेग कमी असतो. लहान पल्ल्यात या दोन टप्प्यांचा वाटा मोठा असल्याने सरासरी वेग खाली येतो. अंतर दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होत नाही आणि अंतर निम्मे झाले म्हणून तो निम्मा होत नाही, त्याचे कारणही हेच.

वाऱ्याचा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर आणि आखाताच्या दिशेने उंच आकाशात पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला ते अडवतात, पूर्वेकडे येणाऱ्याला ढकलतात. मुंबईहून दुबईला जाताना सव्वातीन तासांच्या आसपास लागतात आणि परतताना त्याहून कमी, यामागे मुख्यतः हे वारेच असतात.

घड्याळाचा फरक हा आणखी एक मुद्दा. पाकिस्तानचे घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे आहे. फाळणीनंतरही १९५१ पर्यंत कराचीची वेळ भारतीय प्रमाणवेळेशी जुळलेली होती. त्यानंतर ती अर्ध्या तासाने मागे नेण्यात आली. त्यामुळे थेट विमान मुंबईहून सकाळी आठ वाजता निघून पावणेदोन तासांनी कराचीत पोहोचले, तर तेथील घड्याळात सव्वानऊच वाजलेले दिसतील. घड्याळापुरते बोलायचे तर प्रवास सव्वा तासात संपला, असे वाटावे.

दुबईमार्गे वळसा

आता हाच प्रवास थेट विमानाविना कसा होतो ते पाहू. मुंबई-दुबई हे अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, तर दुबई-कराची सुमारे १,१९० किलोमीटर आहे. दोन्हींची बेरीज ३,१२० किलोमीटर होते. सरळ अंतराच्या साडेतीन पटींहून हे अधिक आहे. प्रवासी आधी कराचीला ओलांडून पश्चिमेला जातो आणि मग तेवढाच मागे, पूर्वेला येतो. ठाण्याहून दादरला जाण्यासाठी आधी चर्चगेट गाठावे, तसा हा प्रकार आहे.

उदाहरणादाखल सकाळी दहा वाजता मुंबईहून निघणारे विमान घेऊ. सव्वातीन तासांनी, म्हणजे भारतीय वेळेनुसार दुपारी सव्वाएक वाजता ते दुबईला पोहोचेल. दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे असल्याने तेथे तेव्हा पावणेबारा वाजले असतील. पुढच्या विमानासाठी चार तास थांबावे लागले असे धरले, तर दुबईहून पावणेचारला निघून दोन तासांनी प्रवासी कराचीत उतरेल. कराचीत त्या वेळी संध्याकाळचे पावणेसात आणि मुंबईत सव्वासात वाजलेले असतील. निव्वळ प्रवास सव्वानऊ तासांचा झाला. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी मुंबईच्या विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे, हे जमेस धरले की बारा तास होतात. दुबईतील थांबा लांबला, तर रात्र विमानतळावर काढण्याची वेळ येते. विमानात बसून काढलेला वेळ सव्वापाच तासांचाच असतो. उरलेला सगळा वेळ जातो तो रांगांमध्ये आणि प्रतीक्षेत. भाडेही दोन आंतरराष्ट्रीय प्रवासांचे पडते.

१९३२ मध्ये सात तास

हा हिशेब मांडताना इतिहासातील एक नोंद आठवल्याशिवाय राहत नाही. भारतातील पहिल्या देशी नियमित हवाई सेवेचा मार्ग कराची-मुंबई हाच होता. इम्पिरियल एअरवेजने लंडन-कराची टपालसेवा १९२९ मध्ये सुरू केली होती. लंडनचे टपाल कराचीत उतरल्यावर पुढे मुंबई आणि मद्रासकडे नेण्याचे काम टाटांच्या नव्या विमानसेवेकडे आले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ जातीच्या एक इंजिनाच्या छोट्या विमानातून कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून सकाळी उड्डाण केले. अहमदाबादला ते इंधनासाठी उतरले. तेथे इंधनाचे डबे बैलगाडीतून आणण्यात आले, असे सांगितले जाते. दुपारी ते जुहूला उतरले. सात तासांच्या थोडे वर वेळ लागला. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

या उड्डाणाला ५० वर्षे झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी जे. आर. डी. टाटांनी ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून कराची-मुंबई हा प्रवास पुन्हा केला. दोन देशांच्या सरकारांनी परवानगी दिल्यामुळेच ते शक्य झाले, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. विमानाची बांधणी, इंजिन, हवामानाचा अंदाज, दिशादर्शन या सर्व बाबतींत १९३२ नंतर अफाट प्रगती झाली. तरीही वाटेत बैलगाडीतून आलेले इंधन भरून जेवढ्या वेळात टपाल कराचीहून मुंबईला पोहोचले, तेवढ्या वेळात आजचा जेट विमानाचा प्रवासी मुंबईहून कराचीला पोहोचू शकत नाही.

त्या काळी या दोन शहरांचे नाते निराळे होते. सिंध प्रांत १८४७ ते १९३६ या काळात मुंबई इलाख्याचा भाग होता. शासन, शिक्षण, व्यापार या निमित्ताने दोन्ही शहरांत सतत ये-जा असे. कराचीतील एक जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. फाळणीने हे चित्र पालटले. सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या कल्याण छावणीतून उल्हासनगर उभे राहिले. दुसरीकडे मुंबई, कोकण आणि गुजरातमधून अनेक मुस्लिम कुटुंबे कराचीत गेली. गोव्यातून गेलेल्या ख्रिस्ती समाजाची कराचीतील वस्ती तर फाळणीच्याही कितीतरी आधीची आहे.

आकाशाची मालकी

विमानाला अमुक देशावरून जाऊ द्यायचे की नाही, हे कोण ठरवते? याचे उत्तर ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारात आहे. आपल्या भूमीवरील आणि किनाऱ्यालगतच्या सागरी हद्दीवरील आकाशावर प्रत्येक देशाची पूर्ण सत्ता असते, हे त्या कराराचे पहिलेच कलम आहे. सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत धरली जाते. नियमित विमानसेवेसाठी संबंधित देशाची परवानगी आवश्यक असते, असेही या करारात नमूद आहे.

परवानगीचे प्रकारही वेगवेगळे आहेत. एखाद्या देशात न उतरता त्याच्यावरून उडण्याची मुभा हा पहिला प्रकार. केवळ इंधन भरणे वा दुरुस्तीसाठी उतरण्याची मुभा हा दुसरा. प्रवासी आणि माल उतरवण्याची व चढवण्याची मुभा हे त्यापुढचे टप्पे असून त्यासाठी सहसा दोन देशांमध्ये स्वतंत्र करार करावा लागतो. कोणत्या शहरांमध्ये, आठवड्यातून किती फेऱ्या, कोणत्या कंपन्यांनी करायच्या हे त्या करारात ठरते. मुंबई-कराची मार्गावर विमान सुरू करण्यासाठी एखाद्या कंपनीला प्रवासी मिळतील की नाही, हा नंतरचा प्रश्न आहे. त्याआधी दोन्ही सरकारांची संमती लागते.

ही संमती गेल्या सहा-सात दशकांत वारंवार दिली आणि काढून घेतली गेली आहे. १९६५ च्या युद्धात विमानसेवा थांबली आणि ताश्कंद करारानंतर पुन्हा सुरू झाली. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान श्रीनगरहून जम्मूकडे जाताना पळवून लाहोरला नेण्यात आले आणि नंतर जाळण्यात आले. त्यानंतर फेब्रुवारी १९७१ मध्ये भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली. त्या वेळी पाकिस्तानचे दोन भाग भारताच्या दोन बाजूंना होते. कराची-ढाका हे सुमारे २,३५० किलोमीटरचे अंतर पार करण्यासाठी पाकिस्तानी विमानांना दक्षिणेकडे कोलंबोला वळसा घालून जावे लागले. प्रवास जवळजवळ दुप्पट झाला. पाकिस्तानने याबाबत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे तक्रार केली. या संघटनेच्या परिषदेला तक्रार ऐकण्याचा अधिकारच नाही, असे भारताचे म्हणणे होते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ऑगस्ट १९७२ मध्ये ते फेटाळले. अर्थात तोवर बांगलादेश स्वतंत्र झाला होता. दोन्ही देशांमधील विमानसेवा १९७६ मध्ये पूर्ववत झाली.

संसदेवरील १३ डिसेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून विमानसेवा आणि हवाई हद्द पुन्हा बंद करण्यात आली. बरोबर दोन वर्षांनी, १ जानेवारी २००४ रोजी ती खुली झाली. त्यानंतरची काही वर्षे मुंबई-कराची विमान सुरू होते. ही सेवा शेवटी पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्स आठवड्यातून मोजक्याच दिवशी चालवीत होती. व्यावसायिक कारणास्तव ती २०१७ मध्ये बंद करण्यात आली.

दोन बंदी, दोन परिणाम

बालाकोट येथील हवाई कारवाईनंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली. ती भारतासाठी पूर्णपणे खुली होण्यास १६ जुलै उजाडला. तोवर दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागत होता. एका भारतीय कंपनीचे दिल्ली-इस्तंबूल विमान इंधनासाठी दोह्याला उतरवावे लागत होते. या काळात २ जुलैपर्यंत भारतीय विमान कंपन्यांचे सुमारे ५४९ कोटी रुपयांचे नुकसान झाले, अशी माहिती तत्कालीन नागरी विमान वाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी राज्यसभेत दिली होती. त्यापैकी ४९१ कोटी रुपये एकट्या एअर इंडियाचे होते.

दुसरी बंदी २०२५ मधील. पहलगाम येथे २२ एप्रिल रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर भारताने अटारीचा तपासणी नाका बंद केला आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. पाकिस्तानने २४ एप्रिल रोजी भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि ३० एप्रिल रोजी भारतानेही तसाच निर्णय घेतला. वैमानिकांसाठी काढल्या जाणाऱ्या ‘नोटॅम’ या सूचनेद्वारे ही बंदी लागू करण्यात आली आणि मुदत संपत आली, की ती पुन्हा वाढवण्यात येऊ लागली. दिल्लीहून मध्य आशियातील अल्माटी आणि ताश्कंदला जाणारी एका भारतीय कंपनीची विमाने एप्रिल २०२५ च्या अखेरीस थांबवावी लागली. कारण वळसा घातला, तर ही ठिकाणे त्या छोट्या विमानांच्या टप्प्याबाहेर जात होती. बंदी वर्षभर राहिल्यास सुमारे ६० कोटी डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज एअर इंडियाने त्या वेळी वर्तवला होता.

ही बंदी दोन देशांच्या विमानांपुरती होती. तिसऱ्या देशाच्या कंपन्यांना दोन्ही आकाशांतून जाण्यास अडचण नव्हती. त्यामुळे दुबईमार्गे जाणारा मार्ग कागदावर खुलाच राहिला. पण व्हिसा नाही, तर तिकिटाचा उपयोग काय, असा प्रश्न सामान्य प्रवाशापुढे उभा राहिला.

संकटात आकाश उघडते, पण नेहमी नाही

बंद दरवाजा कधी कधी किलकिला होतो तो संकटकाळी. आपल्या हद्दीत संकटात सापडलेल्या विमानाला शक्य ती मदत करणे हे शिकागो करारानुसार प्रत्येक सदस्य देशाचे कर्तव्य आहे. ५ जुलै २०२२ रोजी दिल्लीहून दुबईला निघालेले एक भारतीय प्रवासी विमान तांत्रिक कारणामुळे कराचीला उतरवण्यात आले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत शारजाहून हैदराबादला येणारे आणखी एक भारतीय विमान कराचीतच उतरले. दोन्ही वेळा प्रवाशांना दुसरे विमान पाठवून पुढे नेण्यात आले. भारतातून थेट कराचीला विमान जात नसताना त्या दिवशी प्रवासी अचानक कराचीत होते.

२१ मे २०२५ रोजीचा अनुभव मात्र वेगळा ठरला. दिल्लीहून श्रीनगरला जाणारे, दोनशेहून अधिक जण असलेले विमान पठाणकोटजवळ गारपिटीच्या वादळात सापडले. वैमानिकाने वादळ टाळण्यासाठी लाहोरच्या नियंत्रण कक्षाकडे थोडा वेळ त्यांच्या हद्दीतून जाऊ देण्याची विनंती केली. ती नाकारण्यात आली. विमानाला वादळातूनच वाट काढावी लागली. पुढच्या भागाचे नुकसान होऊनही ते श्रीनगरला सुखरूप उतरले. हवाई हद्दीचा प्रश्न इंधनाच्या खर्चापुरता राहत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

वळशाची किंमत

विमान कंपन्यांचे नुकसान कोटींत मोजता येते. ज्यांचे नातलग पलीकडे आहेत, त्यांच्या नुकसानीचा आकडा कोणत्याही सभागृहात सादर होत नाही. उल्हासनगरच्या सिंधी घरांतील वृद्धांना आपले जन्मगाव पाहायचे असते. कराचीतील कोकणी मुस्लिम कुटुंबांचे भाऊबंद रत्नागिरी-रायगडमध्ये असतात. कराचीत आजही मराठी बोलणारी आणि गणेशोत्सव साजरा करणारी काही हिंदू कुटुंबे आहेत. लग्नाला जायचे तर महिनोन् महिने आधी तयारी करता येते, पण मृत्यू वेळ देत नाही. पावणेदोन तासांचे अंतर असूनही अंत्यदर्शनाला पोहोचता येत नाही, ही यातील खरी कुचंबणा आहे.

विमान सुरू होते तेव्हाही वेळेचा हिशेब विमानतळावर सुरू होत नसे. कराचीतील भारताचा वाणिज्य दूतावास १९९४ मध्ये बंद झाला आणि मुंबईत पाकिस्तानचा दूतावास नाही. त्यामुळे व्हिसासाठी मुंबईकराला दिल्लीचे आणि कराचीकराला इस्लामाबादचे दार ठोठवावे लागे. व्हिसाही देशाचा नव्हे, तर ठरावीक शहरांपुरता मिळे. जमिनीवरून जाणाऱ्यांसाठी २००६ मध्ये सुरू झालेली जोधपूर-कराची थार एक्स्प्रेस हा आधार होता. ऑगस्ट २०१९ मध्ये तीही थांबली.

सर्वांत लांबचा वळसा पडतो तो मच्छीमारांना. समुद्रात आखलेली रेषा डोळ्यांना दिसत नाही. गुजरातच्या बोटींवर कामाला जाणारे पालघर जिल्ह्यातील खलाशीही नकळत हद्द ओलांडल्यामुळे पकडले जातात आणि कराचीच्या मलीर तुरुंगात पोहोचतात. सुटकेचा दिवस आला, की त्यांना कराचीहून थेट घरी पाठवले जात नाही. कराचीहून लाहोरपर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर रेल्वेने नेऊन वाघा येथे भारताच्या स्वाधीन करण्याची पद्धत रूढ झाली. अमृतसरहून मुंबईकडे येणारा लोहमार्ग सुमारे १,९०० किलोमीटरचा आहे. दोन्ही टप्पे मिळून ३,१०० किलोमीटरच्या वर जातात. दुबईमार्गे विमानाने जाणारा प्रवासी आणि वाघ्यामार्गे घरी परतणारा खलाशी, दोघांच्या वाट्याला जवळजवळ सारखाच वळसा येतो. तुरुंगात मृत्यू आलेल्या मच्छीमाराचे पार्थिव घरी येण्यासही त्यामुळेच आठवडे लागतात.

उघडलेले मार्ग

अशी कोंडी फक्त भारत-पाकिस्तानमध्येच झाली असे नाही आणि ती कायम राहते असेही नाही. तैवानची राजधानी तैपेई आणि चीनमधील शांघाय यांच्यातील अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. १९४९ नंतर अनेक दशके या दोन शहरांमध्ये थेट नियमित विमान नव्हते. प्रवाशांना हाँगकाँग किंवा मकाऊला जाऊन विमान बदलावे लागे. हाँगकाँगमार्गे हे अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर जाई. जुलै २००८ मध्ये शनिवार-रविवारची खास विमाने सुरू झाली, पण तीही हाँगकाँगच्या आकाशातून वळसा घेत. १५ डिसेंबर २००८ पासून सामुद्रधुनीवरून थेट मार्ग खुला झाला आणि दिवसभराचा प्रवास दोन तासांच्या आत आला. दोन्ही बाजूंचा राजकीय वाद तेव्हाही मिटलेला नव्हता आणि नंतरही मिटला नाही.

आखातातील उदाहरण तर मराठी वाचकाच्या अधिक परिचयाचे असेल. दोहा-दुबई हे अंतर जेमतेम ३८० किलोमीटर. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारिन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडल्यावर या दोन शहरांमधील विमाने थांबली. प्रवाशांना मस्कत किंवा कुवेतमार्गे जावे लागले. साडेतीन वर्षांनी समझोता झाला आणि जानेवारी २०२१ च्या अखेरीस थेट विमाने पुन्हा उडू लागली. एकही नवी धावपट्टी बांधावी लागली नाही, एकही नवे विमान घ्यावे लागले नाही. प्रवासाचा वेळ एका सहीने वाढला होता, दुसऱ्या सहीने तो कमी झाला.

मुंबई-कराची मार्गाचेही तसेच आहे. विमाने आहेत, धावपट्ट्या आहेत, दोन्ही नियंत्रण कक्ष आपापल्या जागी सज्ज आहेत आणि मधले ८७५ किलोमीटर १९३२ मध्ये होते तेवढेच आहेत. सुरक्षेचे प्रश्न खरे आहेत आणि दहशतवादाच्या घटनांनंतर घेतलेल्या निर्णयांमागे कारणे आहेत, हेही नाकारता येणार नाही. तथापि १९७६ आणि २००४ या दोन्ही वेळी बंद आकाश पुन्हा उघडले होते. ते पुन्हा कधी उघडेल, हे दिल्ली आणि इस्लामाबादमध्ये ठरेल. तोवर मुंबईहून निघालेला प्रवासी कराचीला मागे टाकून दुबईला जाईल, तेथे विमान बदलेल आणि आलेल्या वाटेने अर्धे अंतर परत येईल.